घरकुलाची रांग: मुळशीत नाव कुठे लागते, क्रमांक कसा शोधावा

म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात २२ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या उपस्थितीत प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) मंजुरीपत्रांचे वितरण झाले. राज्यातील २० लाख कुटुंबांना मंजुरी आणि त्यांपैकी १० लाख कुटुंबांना पहिला हप्ता, असा तो सोहळा होता. मुळशी तालुक्याच्या अगदी वेशीवर हे संकुल आहे. मात्र मंजुरीपत्र ही रांगेतील शेवटून दुसरी पायरी आहे. तिच्या आधीच्या पायऱ्या कोणत्या, आपण नेमके कोणत्या पायरीवर उभे आहोत आणि मुळात आपण योग्य रांगेत आहोत का, याविषयी तालुक्यातल्या अनेक कुटुंबांच्या मनात गोंधळ असतो. या गोंधळात वर्षे निघून जातात आणि त्यावर मध्यस्थांचे दुकान चालते.

मुळशीत हा गोंधळ अधिक असण्याला कारण आहे. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजीच्या उंच इमारती आहेत, मधल्या पट्ट्यात पिरंगुट, घोटवडे, उरवड्याचे कारखाने आहेत, तर पश्चिमेला ताम्हिणीच्या पावसात भिजणाऱ्या वाड्या-वस्त्या आणि कातकऱ्यांची झोपडी-घरे. एकाच तालुक्यात शहरी योजना, ग्रामीण योजना, म्हाडाची सोडत आणि आदिवासींसाठीच्या स्वतंत्र योजना शेजारी शेजारी नांदतात. प्रत्येकीची यादी वेगळी, कार्यालय वेगळे आणि अट वेगळी.

पत्ता आधी, अर्ज नंतर

पहिला प्रश्न उत्पन्नाचा नसून पत्त्याचा आहे. घरपट्टीची पावती कोण देते, हे पाहिले की अर्धे उत्तर मिळते. ग्रामपंचायत देत असेल तर कुटुंब ग्रामीण योजनेच्या कक्षेत येते आणि त्याचे कार्यालय म्हणजे ग्रामपंचायत व पौड येथील पंचायत समिती. महापालिका देत असेल तर ग्रामीण यादीत नाव येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही मुळशीतील गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी आहेत. तेथील रहिवाशांना तेव्हापासून शहरी योजनेचा रस्ता धरावा लागतो. हिंजवडी परिसरातील गावांच्या महापालिका समावेशाची चर्चा अनेक वर्षे होत आली आहे. तेव्हा शेजाऱ्याने काय सांगितले यापेक्षा पावतीवरचा शिक्का प्रमाण मानणे श्रेयस्कर.

ग्रामीण योजनेला 'फॉर्म' नाही

ग्रामीण घरकुलाबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा, की कुठेतरी एक अर्ज मिळतो, तो भरून दिला की नाव यादीत चढते. प्रत्यक्षात या योजनेत नाव अर्जाने लागत नाही, सर्वेक्षणाने लागते. १ एप्रिल २०१६ पासून इंदिरा आवास योजनेच्या जागी ही योजना आली तेव्हा दारिद्र्यरेषेची जुनी यादी बाजूला ठेवून २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातील माहिती आधार मानण्यात आली. बेघर असलेली, तसेच शून्य, एक वा दोन कच्च्या खोल्यांत राहणारी कुटुंबे त्यातून निवडली गेली. ती नावे ग्रामसभेपुढे ठेवून जी यादी तयार झाली तिला 'कायम प्रतीक्षा यादी' म्हणतात.

२०११ मध्ये सुटलेल्यांसाठी २०१८-१९ मध्ये 'आवास प्लस' हे दुसरे सर्वेक्षण झाले. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये योजना २०२८-२९ पर्यंत वाढवून आणखी २ कोटी घरांचे उद्दिष्ट ठरविल्यानंतर तिसरे, 'आवास प्लस २०२४' हे सर्वेक्षण घेण्यात आले. त्यात मोबाइलवरील ॲपमधून चेहऱ्याच्या पडताळणीने आधार जुळविण्यात आला आणि कुटुंबाला स्वतःच स्वतःची नोंद करण्याचीही मुभा मिळाली. या तीनपैकी एकाही सर्वेक्षणात कुटुंबाची नोंद नसेल तर कोणीही, कितीही पैसे घेऊन, त्यांचे नाव यादीत आणू शकत नाही. 'साहेबांकडे फाइल आहे' असे सांगणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारावा: कोणत्या सर्वेक्षणातली?

नोंद झाली म्हणजे यादीत नाव आले, असेही नाही. सर्वेक्षणातील माहितीची पडताळणी होते, त्यानंतर ग्रामसभा, आणि मग यादी. पडताळणीत पात्रतेच्या वगळण्याच्या अटी लावल्या जातात. पूर्वी अशा १३ अटी होत्या. दुचाकी, फ्रिज किंवा साधा दूरध्वनी घरात असला तरी नाव जाई. २०२४ मध्ये त्या शिथिल करून १० वर आणल्या गेल्या. आता तीनचाकी वा चारचाकी वाहन, तीनचाकी वा चारचाकी यांत्रिक शेती अवजार, ५० हजार रुपये किंवा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड, कुटुंबात सरकारी नोकर, शासनाकडे नोंदलेला बिगरशेती उद्योग, महिना १५ हजारांहून अधिक कमावणारा सदस्य, प्राप्तिकर अथवा व्यवसाय कर भरणे, अडीच एकर वा अधिक बागायत किंवा पाच एकर वा अधिक जिरायत जमीन, यांपैकी काहीही असल्यास कुटुंब बाद ठरते. मुळशीच्या पूर्व भागात १५ हजारांची अट सर्वाधिक अडते. कंपनीत सुरक्षारक्षक किंवा साफसफाईचे काम करणाऱ्या मुलाचा पगार तेवढा असतो आणि गावातल्या पडक्या घरात राहणारे आईवडील त्याच्याच शिधापत्रिकेवर असतात. कुटुंब खरोखर विभक्त असेल तर शिधापत्रिका वेळीच वेगळी करून घेणे हा त्यावरचा सरळ मार्ग आहे. सर्वेक्षण पार पडल्यावर केलेली धावपळ सहसा उपयोगी पडत नाही.

क्रमांक कसा ठरतो

यादीतील क्रमांक 'आधी आला त्याला आधी' या न्यायाने ठरत नाही. बेघर कुटुंब प्रथम, मग शून्य खोली, एक खोली, दोन खोल्या असा उतरता क्रम असतो. त्यातही निराधार, हाताने मैला वाहणारी, आदिम जमातीची आणि वेठबिगारीतून मुक्त झालेली कुटुंबे वर घेतली जातात. पुढे वंचिततेचे गुण मोजले जातात. घरात १६ ते ५९ वयाचा कोणी प्रौढ नसणे, कुटुंबप्रमुख स्त्री असणे व त्या वयाचा पुरुष नसणे, २५ वर्षांवरील एकही साक्षर नसणे, अपंग सदस्य असून धडधाकट प्रौढ नसणे, भूमिहीन असून मोलमजुरीवर गुजराण असणे, हे ते निकष.

या सगळ्यांहून महत्त्वाची, पण क्वचितच समजावून सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे याद्या प्रवर्गनिहाय असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अल्पसंख्याक आणि इतर यांचे उद्दिष्ट स्वतंत्र येते. देशपातळीवर ६० टक्के निधी अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव आहे. त्यामुळे 'इतर' प्रवर्गातील १४ क्रमांकाचे घर थांबलेले आणि जमातींच्या यादीतील ३० क्रमांकाचे मंजूर, असे चित्र दिसू शकते. गावात त्यावरून भांडणे होतात. काही वेळा संशय खराही असतो. तथापि तक्रार करण्यापूर्वी दोन्ही नावे एकाच प्रवर्गाच्या यादीतील आहेत की नाहीत, एवढे पाहावे.

नाव शोधताना

केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर लाभार्थी शोधण्याची सोय आहे. नोंदणी क्रमांक हाती असेल तर काम मिनिटाचे. तो नसेल तर प्रगत शोधात राज्य, जिल्हा, तालुका (तेथे 'ब्लॉक' असे लिहिलेले असते), ग्रामपंचायत आणि वर्ष निवडून नावाने शोधता येते. येथे एक अडचण हमखास येते. नावे इंग्रजी लिपीत भरलेली असून त्यांचे स्पेलिंग भरणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. एका स्पेलिंगने नाव सापडले नाही म्हणून ते नाहीच, असा निष्कर्ष काढू नये. संपूर्ण ग्रामपंचायतीची यादी उघडून वडिलांच्या किंवा पतीच्या नावावरून शोध घेणे अधिक भरवशाचे.

शोधात दिसते ते मुख्यतः मंजूर झालेल्यांचे तपशील. जे अजून प्रतीक्षेत आहेत त्यांची यादी संकेतस्थळाच्या अहवाल विभागात ग्रामपंचायतनिहाय पाहायला मिळते. तिथे अपात्र ठरविलेल्यांची संख्याही कळते. संगणकाशी दोस्ती नसणाऱ्यांनी ग्रामपंचायत कार्यालयात यादी मागावी. ती गोपनीय नाही. घरकुलासाठी ग्रामपंचायतीतला माणूस म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि पंचायत समितीतला माणूस म्हणजे ग्रामीण गृहनिर्माण अभियंता. गटविकास अधिकारी त्यांच्या वर.

मंजुरी आदेश निघाल्यावर पहिला हप्ता कामकाजाच्या सात दिवसांत खात्यावर जमा व्हावा, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. पुढचे हप्ते जोते, छत आणि पूर्णत्व अशा टप्प्यांशी जोडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यावर जागेचे स्थान नोंदविणारे छायाचित्र चढवावे लागते. पैसे अडकल्याची बहुतेक प्रकरणे येथे किंवा बँकेत अडलेली असतात. खाते आधारशी जोडलेले नसणे, बँकांच्या विलीनीकरणानंतर शाखेचा संकेतांक बदलणे, बराच काळ व्यवहार न केल्याने खाते गोठणे ही साधी कारणे. निधी हस्तांतरण आदेशाचा क्रमांक अभियंत्याकडून घेतल्यास त्याची स्थिती त्याच संकेतस्थळावर तपासता येते आणि पैसा कोठे थांबला, हे कळते.

रक्कम किती? साधारण क्षेत्रात १ लाख २० हजार, डोंगरी म्हणून निश्चित केलेल्या भागांत १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार स्वच्छ भारत अभियानातून वेगळे. राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजारांची भर जाहीर केली. त्यांतील १५ हजार छतावरील सौर संचासाठी आहेत. घर स्वयंपाकघरासह किमान २५ चौरस मीटरचे हवे आणि मंजुरीपासून १२ महिन्यांत पूर्ण व्हावे, अशी अपेक्षा आहे. पावसाळ्यात चार महिने बांधकाम ठप्प असणाऱ्या पश्चिम मुळशीत ही मुदत प्रत्यक्षात आठ महिन्यांचीच ठरते. मंजुरी पत्नीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावाने दिली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

जागा नाही, तर घर कशावर?

यादीत नाव आहे, मंजुरीही आहे, आणि तरीही घर उभे राहत नाही, असे होते ते जागेअभावी. योजना बांधकामाला पैसे देते, जमिनीला नाही. ज्या तालुक्यात गुंठ्याचे भाव शहराच्या पावलांनी चढले, तेथे भूमिहीनांची कोंडी होणे स्वाभाविक. जमिनीचा प्रश्न मुळशीला नवा नाही. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून टाटांच्या धरणाविरुद्ध झालेला सत्याग्रह जमीन गमावणाऱ्यांचाच होता.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना. सुरुवातीला तिच्यातून ५० हजार रुपये मिळत, २०२४ मध्ये ही मर्यादा १ लाख करण्यात आली. आतल्या गावांत त्यातून काही साधते. हिंजवडीच्या आसपास ही रक्कम हास्यास्पद ठरते, हे सांगण्यास संकोच नको. दुसरा, शासकीय जागेवरील १ जानेवारी २०११ पूर्वीचे राहते अतिक्रमण नियमित करून घेणे. २०१८ च्या शासन निर्णयाने हा मार्ग खुला केला, मात्र गायरान, वन आणि पाणलोटाच्या जागांना स्वतंत्र बंधने आहेत. तिसरा मार्ग कुटुंबातलाच. भाऊबंदांच्या सामाईक घरजागेत संमतीपत्र किंवा बक्षीसपत्र घेणे. तुकडेबंदीची आडकाठी येत असे. २०२४ मधील नियमबदलानुसार ग्रामीण घरकुल लाभार्थ्यासाठी १,००० चौरस फुटांपर्यंतच्या तुकड्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळू शकते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नाव आहे की नाही, हे मंजुरीची वाट न पाहता आजच पाहून ठेवावे.

केंद्राच्या यादीत नसलेल्यांसाठी राज्याच्या योजना आहेत आणि त्यांना मात्र अर्ज करावा लागतो. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३-२४ पासून तीन वर्षांकरिता जाहीर झालेली मोदी आवास. जातीचा दाखला हा येथला कळीचा कागद. कातकरी कुटुंबांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम जनमन' अभियानात घरामागे २ लाख रुपयांची तरतूद आहे आणि त्याची यादी स्वतंत्र सर्वेक्षणातून होते. ग्रामीण योजनेच्या यादीत नाव नाही म्हणून कातकरी वस्तीने निराश होण्याचे कारण नाही.

भाड्याने राहणाऱ्यांचे काय?

माणच्या चाळीत किंवा मारुंजीच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या कामगाराला मूळ गावातील यादीचा उपयोग मर्यादितच. त्याला हवे असते परवडणारे भाडे. इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदेकडे नाव नोंदवून अल्प भाड्याच्या घरासाठी रांगेत उभे राहता येते, गरजेनुसार अग्रक्रम मिळतो. आपल्याकडे तशी भाड्याच्या घरांची खुली प्रतीक्षा यादीच नाही.

ती होऊ शकली असती. १९५२ च्या औद्योगिक कामगार गृहनिर्माण योजनेतून सरकारने अनुदानित भाड्याची घरे बांधली. कालांतराने त्यांतली बरीच राहणाऱ्यांनाच विकली गेली. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेशात १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची मोठी योजना आली. विकासकाला वाढीव चटईक्षेत्र आणि बदल्यात सरकारला घरे, अशी तिची रचना. पुढे ती गुंडाळली गेली. पनवेलजवळ कोन येथील त्यातली सुमारे २,४०० घरे २ डिसेंबर २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना मालकीने देण्यात आली आणि ताबा मिळण्यास त्यानंतरही अनेक वर्षे लागली. कोविडच्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे रस्त्यावर दिसल्यावर केंद्राने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना मंजूर केली. रिकामी सरकारी घरे २५ वर्षांसाठी भाड्याने चालविणे किंवा संस्था-उद्योगांनी स्वतःच्या जागेवर नवी बांधणे, असे तिचे दोन मार्ग. २०२४ च्या शहरी आवास योजना २.० मध्ये हाच घटक कायम आहे आणि मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणातही नोकरदार महिला, विद्यार्थी व औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. या संकुलांत जागा मिळते ती संकुल चालविणाऱ्या संस्थेकडून किंवा मालक कंपनीमार्फत. त्यामुळे 'सरकारी भाड्याच्या घरासाठी नोंदणी' म्हणून कोणी पैसे मागत असेल तर सावध व्हावे.

भाडेकरूला मालकीच्या घराची रांग म्हणजे म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत. मोठ्या खासगी प्रकल्पांतील २० टक्के घरे राखीव ठेवण्याच्या नियमामुळे महानगर क्षेत्रातली घरे तिच्यात येतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट, ही २०२२ मध्ये ठरलेली मर्यादा आहे. २०२३ पासून नोंदणी आणि कागदपत्रांची छाननी सोडतीपूर्वीच ऑनलाइन होते. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला किंवा विवरणपत्र आणि पती-पत्नीचे आधार व पॅन आधी चढवून ठेवले की सोडत निघाल्यावर धावपळ वाचते. सोडतीतील प्रतीक्षा यादी त्या सोडतीपुरती आणि त्या योजनेच्या संकेत क्रमांकापुरतीच असते. ती पुढच्या सोडतीत चालत नाही. एक जुना उपदेशही येथे पुन्हा सांगावा लागतो: भाडेकरार नोंदणीकृत असावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि रहिवासाचे बहुतेक पुरावे त्याच कागदावर उभे राहतात.

दाद कोठे मागावी

ग्रामीण यादीतून नाव वगळले गेल्यास कारण लेखी नोंदविलेले असणे आवश्यक आहे. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागावी. 'पक्के घर', 'स्थलांतरित', 'मयत' असे शेरे त्यात सापडतात. कामासाठी पुण्यात गेलेल्या कुटुंबाचे घर पाहणीच्या दिवशी बंद असल्यास 'स्थलांतरित' हा शेरा बसू शकतो. तो खोडण्यासाठी वीज देयक, मतदार यादीतील नाव, मुलांच्या शाळेचा दाखला उपयोगी पडतो. गावात दाद न लागल्यास गटविकास अधिकारी आणि त्यानंतर जिल्हास्तरीय अपिलीय समितीकडे जाता येते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

ग्रामसभा वर्षात किमान चार होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तिचे रूढ दिवस. शहरात राहणाऱ्या मुळशीकरांना हे सुटीचे दिवस सोयीचेच. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा असल्यास शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. तेव्हा 'माझे घरकुल का नाही' असे विचारण्याऐवजी अमुक ग्रामपंचायतीची अमुक प्रवर्गाची प्रतीक्षा यादी, तिला मान्यता देणारा ठराव आणि अपात्रतेच्या शेऱ्यांची प्रत, एवढेच मागावे.